बडोद्याचा डमी

कॅसेट बाजारात यायच्या आधीच मी मुंबईहून एसटीडी लावून वडिलांना, म्हणजे अण्णांना, सांगितलं की सिनेमातलं दुसरं गाणं माझ्या आवाजात आहे. विचारलं कुणीच नव्हतं.

त्याआधी एका सकाळी हेच अण्णा मला बडोद्याच्या स्टेशनवर सोडायला आले होते. माझ्या मांडीवर हार्मोनियम, तिच्यावर आईने दिलेल्या लील्या, म्हणजे हिरव्या ओलसर चिवड्याचा पुडा, आणि खिडकीत मी अशा ऐटीत बसलेला की फेरीवाल्याने मला चहासुद्धा विचारला नाही. अण्णांचे आजोबा सरकारी फौजेत बिगुल वाजवायचे. आमच्या घराण्यातलं संगीत तेवढंच. त्यामुळे अण्णांचा आशीर्वादही त्याच वळणाचा होता. "गायचं तर पगारी गा. आपल्यात हौशी कुणी नाही."

बडोद्यात, आपल्या तरसालीत मागे राहिलेल्या मंडळींनो, माझी ऐट तुम्हीच वाढवलीत. नवरात्रात सोसायटीच्या चौकात मी गरबा गवडावायचो आणि तुम्ही फेर धरून झीलायचात. मी ओळ म्हणायची, तुम्ही ती उचलून परत म्हणायची. अख्खी सोसायटी आपल्यामागून गाते म्हटल्यावर माणसाला वाटतं, मुंबईही गाईल. तशी ती गायली, नाही असं नाही.

कॅसेट आली तेव्हा मी मुद्दाम बडोद्याला आलो. शेजारच्या कोकिलाबेनच्या हॉलमध्ये नवा डेक होता, तिथे सगळे जमले. अण्णांनी पेढे आणले, मला सोफ्यावर मधोमध बसवलं आणि कॅसेट स्वतः घातली. दुसरं गाणं सुरू झालं. माझीच चाल, माझाच ठहराव, मी जिथे श्वास घेतला होता तिथेच श्वास, आणि गळा भलत्याचाच.

"आ तारो अवाज छे, भई?" कोकिलाबेननी विचारलं.

"माइकवर आवाज बदलतो, बेन," मी म्हणालो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो हा.

अण्णांनी चष्मा लावून कॅसेटच्या कव्हरावरचं गायकाचं नाव मोठ्याने वाचलं. ते अख्ख्या देशाला ठाऊक होतं. मग त्यांनी पेढ्यांच्या खोक्यावर झाकण ठेवलं.

मुंबईला परतल्यावर संगीतकाराने मला हसत हसत शिकवलं. मोठ्या गायकाला वेळ नसतो, म्हणून गाणं आधी माझ्यासारख्याकडून गाऊन घेतात. त्याला डमी म्हणतात. मोठा गायक येतो, हेडफोनवर डमी ऐकतो, तसंच गातो, आणि डमीचा आवाज पुसला जातो. मी हे अण्णांना फोनवर समजावलं. ते "बरं" म्हणाले. त्या "बरं"मध्ये विश्वास किती होता ते मला लगेच कळलं, कारण त्यानंतर त्यांनी माझ्या गाण्याबद्दल कधी विचारलंच नाही.

मी मात्र डमीच गात राहिलो. मीरा रोडला भाड्याने घर, सोसायटीतल्या मुलांच्या सुगम संगीताच्या शिकवण्या आणि बोलावणं आलं की स्टुडिओ. अण्णांची पगाराची अट तेवढी पाळली. माझ्यासारखे बडोद्याच्याच सुभानपुऱ्याहून, गोत्रीहून आलेले आणखी आहेत. आम्ही भेटलो की रिक्षात लागलेली गाणी ऐकून "हे माझं, ते तुझं" करतो. रिक्षावाला आरशातून बघतो आणि आवाज वाढवतो.

एक आशा मी जपून ठेवली होती. त्या गाण्याच्या अंतऱ्यात मी आपल्या गरब्यातलं एक वळण घातलं होतं, आणि मोठ्या गायकाने नेमकं तेवढंच सोडून सरळ गायलं होतं. एक दिवस अण्णांच्या समोर ते वळण घेऊन गायचं. ते ओळखतील, गरब्यात त्यांनी ते शंभरदा ऐकलंय.

गेल्या दिवाळीला घरी गेलो. आता घर म्हणजे एवढंच, की माझं गाणं माझ्याआधी तिथे राहायला गेलंय, दुसऱ्याच्या आवाजात. अण्णा आरशापुढे दाढी करत तेच गुणगुणत होते. अंतरा आला तसा मी मागून सूर धरला आणि वळण घेतलं, अगदी चौकात घ्यायचो तसं.

अण्णांनी वस्तरा थांबवला.

"तिथे हे असलं काही नाहीये," ते म्हणाले. "ज्याने गायलंय त्याचं नीट ऐक आधी."