टाकलेली ओळ

“आजी, गाऊ नका हो. कार्यक्रम चालू आहे,” शेजारच्या खुर्चीतली बाई मला म्हणाली. पुढच्या दोन रांगा मागे वळून बघत होत्या. स्टेजवर माझा मुलगा सॅक्सोफोन घेऊन उभा होता. त्यानेही मला पाहिलं. मग डोळे मिटले आणि माझा आवाज झाकेल इतकं जोरात फुंकलं. मी ओळीच्या मध्यात गप्प झाले. धवला अर्धा सोडायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

धवला म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं. हळदीचा वेगळा, नवरी घराबाहेर पडते तेव्हाचा वेगळा. मानपाड्याच्या आजूबाजूच्या गावांत मी आणि माझी मोठी जाऊ चाळीस वर्षं धवलारणी म्हणून गायलो. तिने ओळ टाकायची, मी उचलायची. टाकलेली ओळ खाली पडू द्यायची नाही, नवरीला ते चांगलं नसतं. तापात, खोकल्यात, सासू गेली त्या वर्षीही मी उचललेली आहे. आता हळदीला डीजे असतो. आम्हाला नारळ देऊन पाच मिनिटं बसवतात, तेही व्हिडिओपुरतं.

मुलगा आधी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. पुढे जॅझ शिकला, परदेशात जाऊन आला, स्वतःच्या रचना करायला लागला. त्यात लिहिलेलं थोडं असतं आणि बाकी आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, असं त्याने आम्हाला समजावलं.

जाऊ म्हणाली, “आयत्या वेळी सुचेल ते तुझा बापूस पण बोलायचा. त्याला नाय कोणी टाळ्या दिल्या.”

तो खूप हसला. मग आवाज टिपायचं मशीन घेऊन आला आणि मागच्या खोलीत आम्हाला गायला बसवलं. आवाज नको म्हणून पंखा बंद. तीन दुपारी आम्ही दोघी घामाने भिजून गायलो. चार महिन्यांनी जाऊ गेली.

ठाण्याच्या त्या हॉलमध्ये दिवे मालवले आणि स्पीकरमधून जाऊचा आवाज आला. तिने ओळ टाकली. ती मेली आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिला शेवटची आंघोळ मीच घातली होती. पण ओळ आली, म्हणून मी उचलली. त्याच वेळी सॅक्सोफोननेही उचलली.

वाजवलं त्याने चांगलं, ते नाकारत नाही. जिथे मी आवाज खाली सोडते, तिथेच त्यानेही सोडला.

कार्यक्रम संपल्यावर मी आत गेले.

“आई, मध्येच काय गायलीस? सगळ्यांसमोर!”

“माझा आवाज कुठे गेला ते सांग. आम्ही दोघी गायलो होतो.”

“काढला. ती जागा सॅक्सोफोनला हवी होती. काकी ओळ टाकते, मी उचलतो. सगळी रचना त्यावरच उभी आहे.”

“मग काकीचा काढायचास. तिची ओळ तू टाकायचीस, मी उचलली असती.”

“काकी आता नाहीये ना. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.”

“म्हणजे मी मेले की मला घेशील?”

“काहीही काय बोलतेस गं!” तो म्हणाला आणि सॅक्सोफोन पुसायला लागला. नाही म्हणाला नाही.

पुसता पुसता म्हणाला, “पुढच्या वेळी तुला स्टेजवर बसवतो. मी खूण केली की गायचं, खूण केली की थांबायचं.”

“थांबायचं मला कोणी शिकवलेलं नाही,” मी म्हटलं.

त्याच्यावर रागावून मी बाहेर येऊन बाकावर बसले. हातात कार्यक्रमाचा छापील कागद होता. मी चौथीपर्यंत शिकले, वाचायला वेळ लागतो, पण येतं. वर त्याचा मोठा फोटो. खाली लिहिलं होतं की ही रचना आज हयात नसलेल्या धवलारणींच्या गाण्यांवर केलेली आहे. एकीच्या नाही, धवलारणींच्या, असंच होतं. मी ते दोनदा वाचलं. विचारायला पुन्हा आत गेले नाही.

मागच्या खोलीत आम्ही दोघी गायलो. जाऊ गेली. मी आहे.