मडगार्डवरचा हात

गॅरेजमध्ये मेस्त्रींनी माझ्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली, परत खाली, परत वर.

"शॉकअप संपलेत," ते म्हणाले. "चांगले असते तर गाडी एका हेलकाव्यात थांबली असती."

खड्डा काही शॉकअपला चुकवता येत नाही. दणका बसायचा तो बसतोच. नंतरचं हलणं तेवढं थांबवायचं, एवढंच त्याचं काम. पूर्वी मलाही ते जमायचं. सकाळी साहेब ओरडले तरी दुपारी डबा उघडेपर्यंत मी विसरलेलो असायचो. आता मुलगी फोनवर "बाबा, नंतर करते" म्हणाली, की ते एवढंसं वाक्य दिवसभर आत हलत राहतं.

"कडक घालू की मऊ?" मेस्त्रींनी विचारलं. "कडक असले की वळणावर गाडी झकास बसते. पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा कळतो."

इतकी वर्षं मी कडकच घालत आलो. रस्ता कळायला हवा, असं ऐटीत सांगायचो.

"मऊच घाला," मी म्हणालो. "बायकोची पाठ दुखते हो."

बायकोनं या गाडीत बसणं कधीच सोडलंय. पाठ माझी दुखते.

 चाकापाशी उकिडवे बसून मेस्त्रींनी माप घेतलं आणि उठताना मडगार्डचा आधार घेतला. गाडी झुलली, झुलत राहिली. शेवटी मीच मडगार्डवर हात ठेवून ती थांबवली.