आत्या-मावशीचा अबोला

रफूवहिनीच्या दुकानात मोठ्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या, एक खिडकी आणि दुसरं भिंग. बाकी सगळं हातभर. कसरीनं खाल्लेला कोट, खिळ्यात अडकून फाटलेली बाही, इस्त्रीनं जळालेला गुडघा असलं काहीबाही घेऊन लोक यायचे, आणि परत नेताना कापड उजेडात धरून विचारायचे, "भोक होतं कुठं हो?"

"शोधा," वहिनी म्हणायची. "सापडलं तर सुई खाली ठेवीन."

तिचा नियम एकच. धागा बाहेरचा घ्यायचा नाही. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून, जिथं कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक तार ओढून काढायची आणि भोकावर विणायची. बाहेरचा धागा घातला की ते रफू नव्हे, ठिगळ. "आणि ठिगळ लावायला मी कशाला हवी? गोणी शिवणाराही लावतो."

याच नियमानं ती पुस्तकंही लिहायची.

दोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी होती. घोडागाड्या, नाचाचे दिवाणखाने, दोन बहिणी, एक घुम्या जमीनदार, आणि पत्रं, पत्रं, पत्रं. वहिनीनं तिचं मराठी भाषांतर वाचनालयातून इतक्या वेळा आणलं, की ग्रंथपालानं शेवटी वैतागून ते तिलाच देऊन टाकलं. शेवटच्या पानावर धाकटीचं त्या घुम्याशी लग्न लागतं आणि पुस्तक मिटतं. ते मिटणं काही वहिनीला पटेना.

"लग्न लागलं म्हणजे संपलं होय? खरी गंमत तर तिथून पुढं! सकाळी चहाला आधी कोण उठतं?"

"त्यांच्याकडे नोकर करतात चहा," तिची नणंद म्हणाली होती.

"मग नोकराला आधी कोण उठवतं?"

त्या प्रश्नातून पहिली वही निघाली. मग दुसरी, तिसरी, अशा सहा. प्रत्येक वहीत मूळ पुस्तकात कुठंतरी एका ओळीत येऊन गेलेलं माणूस धरायचं आणि त्याचा धागा ओढायचा. नणंदेचं झेरॉक्सचं दुकान दोन दारं सोडून होतं. ती प्रती काढायची, तिच्याकडचा बाइंडर त्या शिवायचा, आणि मग त्या वह्या दवाखान्यातल्या नर्सांच्या खोलीतून शाळेत, शाळेतून बँकेत, बँकेतून कुणाकुणाच्या उशाखाली अशा फिरत राहायच्या.

वाचणाऱ्यांचा जीव अडकला होता तो धाकटीत नव्हे, तिच्या आत्यात. पुस्तकात नवव्या प्रकरणात मावशी येते, एकतिसाव्यात आत्याचं पत्र येतं. दोघी कधी एका खोलीत नाहीत, लग्नातसुद्धा नाहीत. वहिनीला नवल वाटलं. भाचीचं लग्न आणि दोघींपैकी एकही नाही? म्हणजे नक्कीच अबोला! पुस्तकात एका चांदीच्या किटलीचा उल्लेख होता. वहिनीनं ती किटली उचलली आणि दोघींच्या मधे ठेवली. झालं. वाचकांत तट पडले. मावशी तोंडाळ, आत्या घुमी. आत्या पन्नाशीची, बिनलग्नाची. तिच्या घड्याळाला किल्ली द्यायला दर गुरुवारी एक घड्याळजी यायचा, किल्ली द्यायचा, टोपी घालायचा, जायचा. चार वह्या नुसत्या किल्ल्या देण्यात गेल्या. "अरे बोल की मेल्या!" असं एका नर्सनं समासात पेनानं लिहिलं होतं.

नणंदही बावन्न वर्षांची, बिनलग्नाची. हाताला लागलेल्या खळीचा वास जाता जात नाही असा तिचा तो बाइंडर, विधुर माणूस. त्यानं हिवाळ्यात तिला लग्नाचं विचारलं होतं. तिनं हसत उत्तर दिलं होतं, "सातवी वही येऊ दे, मग बघू." हे त्या दोघांनाच माहीत होतं. वहिनीला एवढंच दिसत होतं, की नणंद, म्हणजे तिच्या ताई, रोज सकाळी दारातून विचारतात, "कुठवर आलीस गं? आत्याचं काय?"

आणि एका मंगळवारी दुपारी सर कोट घेऊन आले. निवृत्त इंग्रजीचे मास्तर, सगळे त्यांना सरच म्हणायचे. कोट देऊन झाला तरी उठेनात.

"वहिनी, राग मानू नका. ही आत्या कुठून आणलीत?"

"पुस्तकातूनच. एकतिसावं प्रकरण."

"मूळ पुस्तकात एकच बाई आहे हो. इंग्रजीत दोन्हीकडं नुसतं 'आंट'. मावशी म्हणा, आत्या म्हणा, काकू म्हणा, त्यांना एकच शब्द. भाषांतरात एकदा मावशी झालंय, एकदा आत्या. चूक आहे ती. तुमची नव्हे, त्यांची."

"म्हणजे सहा वह्या त्या बाईनं स्वतःशीच अबोला धरला होता?"

सर हसले. वहिनीलाही हसू फुटलं, पण अर्ध्यावर अडकलं. दारात ताई उभ्या होत्या, हातात कोऱ्या कागदांचं बंडल. त्यांनी बंडल टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी झेरॉक्सच्या दुकानात गेली, तर ताई मशीन पुसत होत्या. पुसलेलंच पुन्हा पुसत होत्या.

"ताई, सातवी सुरू करू ना?"

"जी बाईच नाही, तिचं कसलं लग्न लावतेस?" ताई म्हणाल्या. मागं वळून बाइंडरला म्हणाल्या, "आणि तुम्ही, ते आपलं... राहू द्या आता."

बाइंडरनं खळीचा ब्रश डब्यात ठेवला. वहिनी एकदा त्याच्याकडं, एकदा ताईंकडं बघत राहिली.

तिला राग नव्हता आला, खूळ लागलं होतं. चूक झाली, बरं. पण झाली कशी? तिनं पुस्तक भिंगाखाली घेतलं आणि कापड तपासावं तसं वाचलं. विसाव्या प्रकरणापर्यंत सगळी माणसं 'परंतु' म्हणत होती. एकविसाव्यापासून 'पण' म्हणायला लागली. आधी ती 'उद्गारत' होती, मग चक्क बोलायला लागली.

"इथं सुई बदललीय," ती स्वतःशी म्हणाली.

कोट न्यायला सर आले, तेव्हा तिनं तो हातात दाबून धरला. "आधी सांगा. भाषांतर कुणी केलं?"

"नाव आहे की पहिल्या पानावर."

"एकाचं आहे. पण मधे सुई बदललीय. हात दोन आहेत."

सर चकित झाले. मग म्हणाले, "ते आमचेच प्राध्यापक. अर्ध्यावर आजारी पडले. पुढचं त्यांच्या पत्नीनं, बाईंनी, पुरं केलं, असं ऐकून होतो. बाई आहेत अजून, पुलापलीकडं."

वहिनी ताईंच्या दुकानात गेली. "ताई, चपला घाला. चला."

"कुठं?"

"शिवण बघायला."

बाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला जाडजूड शब्दकोश टेकवला होता. वहिनीनं आडपडदा न ठेवता विचारलं, तशा बाई डोळे मिचकावत म्हणाल्या, "मग? मी आधीचा भाग वाचलाच नव्हता!"

"वाचला नव्हता?"

"यांचं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. कोण वाचणार? आणि ते केव्हाच छापखान्यात गेलं होतं. माझ्यापुढं आलं ते पत्र. चार पानं नुसती चौकशी, आणि अगदी शेवटी एक ओळ मायेची. म्हटलं, ही आत्या. मावशी असती तर पत्र लिहीत बसली असती होय? गाडी करून उंबऱ्यात येऊन उभी!"

आठ दिवसांत ताई पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "पण म्हणजे ती मुळात नाहीच."

"नाही कशी? मी लिहिली, छापली, चाळीस वर्षं वाचनालयात बसली. तुम्ही म्हणे तिच्या वह्याही काढल्या. काय काय झालं तिचं?"

वहिनी सांगायला लागणार, तोच ताई बोलायला लागल्या. किटली, अबोला, गुरुवार, किल्ली. घड्याळजीचे हात, त्याचं ते बोलता बोलता थांबणं, काम झाल्यावरही हत्यारं आवरायला वेळ लावणं. वहिनीनं न लिहिलेलंही बरंच त्या सांगत होत्या.

"मग?" बाई पुढं सरकल्या. "विचारलं का त्यानं?"

"विचारलं."

"ती काय म्हणाली?"

"सातवी वही येऊ दे म्हणाली."

बोलून गेल्यावर ताईंनी जीभ चावली. वहिनी मांडीवरच्या पुस्तकाकडं बघत राहिली. घड्याळजीनं तिच्या कुठल्याच वहीत अजून काही विचारलेलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "वहीची वाट बघतात होय कुणी? आमच्या यांनी तर अर्धंच ठेवलं."

 पूल ओलांडून दुकानापाशी आल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, खळीचा वास आत्याला चालेल का?"

"तू गप गं!"

सातवी वही पाच आठवड्यांत झाली. पहिल्याच पानावर मावशी गाडी करून आत्याच्या उंबऱ्यात येऊन थडकते आणि म्हणते, "पुरे झालं. किटली तू ठेव, झाकण मला दे." शेवटच्या पानावर घड्याळजी अखेर विचारतो. त्याच्याखाली वहिनीनं दोन बोटं कोरी जागा सोडली आणि वही ताईंपुढं ठेवली.

"हे काय? उत्तर कुठाय?"

"माझ्याकडं त्याचा धागा नाही. बाहेरचा मी घालत नाही."

ताईंनी वही उलटी केली, सुलटी केली, मशीनवर ठेवली, उचलली. मग कानामागची पेन्सिल काढून पाठमोऱ्या होऊन काही लिहिलं आणि वही मशीनवर पालथी घालून झाकण दाबलं.

पानं क्रमानं लागलीत का हे बघणं बाइंडरचं कामच. तो शेवटच्या पानाशी आला आणि थांबला. तिथं वहिनीचं नसलेलं, घाईचं, जरा तिरपं अक्षर होतं: 'गुरुवारीच कशाला, रोज या की,' आत्या म्हणाली.

एवढा जुना कारागीर, पण त्या दिवशी त्यानं पहिली प्रत तीनदा शिवली आणि तीनदा उसवली.

सरांनी सातवी वही वाचून परत आणली, तेव्हा शेवटचं पान खिडकीच्या उजेडात धरून ते म्हणाले, "वहिनी, इथं सुई बदलल्यासारखी वाटतेय."

वहिनीनं मान वर केली नाही. "शोधा," ती म्हणाली.