बोरीत ऐकलेला आवाज

माझ्या वडिलांचा आवाज कसा होता, ते मला माहीत नव्हतं. ते परभणीच्या रेडिओ केंद्रावर उद्घोषक होते. म्हणजे गावोगावच्या लोकांना तो आवाज ओळखीचा, फक्त मला नाही. मी वर्षाचाही नव्हतो तेव्हा ते तापाने गेले आणि आई मला घेऊन पुण्याला माहेरी आली. घरात त्यांचं एकही रेकॉर्डिंग नाही. यंदा जानेवारीत ठरवलं, जाऊन शोधायचं. आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "तूच जाऊन ये."

पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी परभणीला पोचवते. थंडीत जाणार असाल तर स्वेटर हाताशी ठेवा. स्टेशनाजवळ साधं, स्वस्त लॉज मिळालं. समोरच्या गाड्यावर शेंगदाण्याचा कूट घातलेली गरम सुशीला खाल्ली. पोहे रोजचेच असतात. इथे आलात तर ही मुरमुऱ्यांची सुशीलाच खा.

केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनियर मठपती काका न्यायला आले. वडिलांबरोबर त्यांनी काम केलेलं. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं सावकाश. मी नमस्कार करून दोन वाक्यं बोललो, तर ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले.

"टेपा कमी होत्या," चहा घेताना ते सांगू लागले. "खेड्यातले गायक, शेतकरी यायचे. त्यांचं आधी रेकॉर्डिंग व्हायचं, मग सवडीनं प्रसारण. एकदा लागून गेलं की टेप पुसायची, तिच्यावर दुसरं भरायचं. तुमच्या वडिलांच्या आवाजावर पुढं किती आवाज चढले असतील, कोण सांगणार?"

दुपारी त्यांनी मला गावाबाहेर नेलं. प्रक्षेपणाचा उंच मनोरा, भोवती ज्वारीची रानं, मधे गंजलेल्या काटेरी तारेचं कुंपण. त्या काळी हे कुंपण बोलायचं, असं काका म्हणाले.

"मनोऱ्याचा जोर लय होता. गंजलेल्या जोडावर तारच रेडिओ होऊन बसायची. बातम्या, भजनं, सगळं बारीक आवाजात. बाया इकडं गवताला यायच्या न्हाईत. तारेत माणसं बोलायलीत म्हणायच्या."

"आणि बाबांचा आवाज?"

"यायचा की. ते गेल्यावरही आला," काका म्हणाले, आणि गाडीकडे वळले.

मी तारेला कान लावला. आत वारा गुणगुणत होता. मग कुणीतरी बोलण्याआधी घसा साफ करावा तसं काहीतरी वाजलं. मी झटकन मागे झालो. सभोवती कुणी नव्हतं. वाराच असणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुन्हा कान लावला नाही.

निघताना काका म्हणाले, "बोरीला जाऊन या. तिथल्या शांताबाईंनी केंद्रावर ओव्या गायल्या होत्या. घरच्यांनी रेडिओवरून कॅसेट भरून ठेवलीय म्हणतात."

दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या एसटीने बोरी गाठलं. रस्ता मधेमधे खडबडीत आहे, पाठदुखी असेल तर पुढची सीट धरा. चौकात विचारत शांताबाईंच्या दारात गेलो आणि हाक मारली, "कुणी आहे का घरात?"

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अगदी शांत.

"सायेब, लय उशीर केलात."

मी अजून नावही सांगितलं नव्हतं. त्यांचा मुलगा महादेव बाहेर आला, ओशाळून म्हणाला, "आईला दिसत न्हाई. तुमी आत या."

मी कोण ते सांगितलं, तरी शांताबाई मला साहेबच म्हणत राहिल्या. महादेवने टेपरेकॉर्डर काढला. "फीत लय जुनी हाय, तुटंल बी," तो म्हणाला. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, लावा.

खरखर झाली. मग मी बोलू लागलो. खरंच, क्षणभर तसंच वाटलं: माझाच आवाज, मी कधी न बोललेली वाक्यं बोलतोय. 'नमस्कार श्रोतेहो. आज बोरीहून आलेल्या शांताबाई जात्यावरच्या ओव्या ऐकवणार आहेत.' मधेच एक कोरडा खोकला. मग कोवळ्या, खणखणीत गळ्यातली ओवी. शेवटी तोच आवाज पुन्हा: 'शांताबाई, तुम्हाला आम्ही परत बोलावू.' त्यापाठोपाठ आवाज जड, खोल होत गेला आणि फीत तुटली.

"म्या लय दिस वाट पाहिली," शांताबाई म्हणाल्या. नंतर महादेवने मला शेतावर हुरडा खाऊ घातला. कोवळा होता.

पुण्याला परतल्यावर आईसमोर फोन ठेवला. रेकॉर्डिंगमधला तो खोकला आला तसा तिने हात वर केला. मी थांबवलं.

"रेकॉर्डिंगला गेले त्या दिवशी अंगात ताप होता. नका जाऊ म्हणाले होते मी," ती म्हणाली. "हा कार्यक्रम लागला तेव्हा त्यांचा दहावा झाला होता. घरात पाहुणे, आणि रेडिओवर हे बोलतायत. इथवर ऐकलं आणि मी रेडिओ बंद केला."

तिने फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "लाव पुढचं."

तिने शेवटपर्यंत ऐकलं, फीत तुटल्याच्या खटक्यापर्यंत. पदराने चष्मा पुसला.

"बाईचा गळा किती गोड होता," ती म्हणाली. "तेव्हा ऐकलाच नाही."