दुधासारखा पातळ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? बी.एस्सी. झालेला माणूस कपभर दुधापुढे कसा सपशेल आडवा होतो, ते माझ्याच तोंडून ऐका. गावाकडून ऐकाल तर मीठमसाला लावलेलं असेल!

कॉलेज संपवून मी मालवणजवळच्या आमच्या गावी हायस्कुलात मास्तर झालो, तेव्हा डोक्यात एकच वेड होतं. गावात विज्ञान आणायचं. तेही लगेच!

शनिवारी शाळेचं प्रदर्शन होतं. त्यासाठी आमच्या गावचे सुतार भिकू मेस्त यांनी फणसाच्या लाकडात हातभर लांबीचं गलबत कोरलं होतं. कुठलंतरी गलबत नव्हे हो! नारू तांडेलांच्या गलबताची हुबेहूब प्रतिकृती. डोलकाठी, शीड, सुकाणू, सगळं मापात. तांडेलआबांनी उभा जन्म ज्याच्यावर काढला, ते खरं गलबत किनाऱ्यावर मोडीत निघालं होतं. आणि रविवारी आबा मुलाकडे मुंबईला निघाले होते. कायमचे.

रोज येऊन ते त्या लाकडावरून बोट फिरवायचे.

"मास्तरा, सगळा बरोबर आसा. फक्त रंग व्हयो. तो निळो रंग एकदा डोळ्यांनी बघलंय, की मी जावक मोकळो."

"आबा, रंग असा देईन की बघत राहाल," मी म्हणालो. मी कधी लहान आश्वासन देतो का?

माझ्या या मिजाशीला कारण होतं. माझा बाबलमामा परदेशी बोटीवर खलाशी. त्याने मला दोन अजब वस्तू आणून दिल्या होत्या. एक म्हणजे ॲक्रिलिक रंगाच्या ट्यूबा. पाण्यात कालवायचा रंग, पण एकदा सुकला की पाणी त्याचं काही बिघडवत नाही! आणि दुसरी, काटकोनात जोडलेल्या दोन नळ्यांची एक पितळी फुंकणी. एक नळी रंगात बुडवायची, दुसरीतून फुंकायचं.

मामाने केळीच्या पानावर फुंकून दाखवलं आणि मी श्वास घ्यायचा विसरलो. रंग नव्हे, धुकं! निळं, अलगद, पानावर उतरलं तेव्हा ना थेंब, ना रेघ. पहाटे खाडीवर धुकं बसतं ना, अगदी तसं. मी ठरवून टाकलं की ब्रशला हात लावायचा नाही. एवढ्याशा गलबतावर ब्रशच्या केसाची खूणसुद्धा दोरखंडाएवढी दिसते!

मामाने एसटीत पाय ठेवता ठेवता सांगितलं, "भाच्या, रंग दुधासारखो पातळ कर. भांड्याच्या कडेक लावून बघ. दूध जसा ओघळता, तसोच तो ओघळाक व्हयो. नायतर घोटाळो जातलो!"

एवढी शास्त्रशुद्ध सूचना! मी थेट स्वयंपाकघरात गेलो, कपभर दूध आणलं, एका पेल्याच्या कडेला दूध सोडलं, दुसऱ्याच्या कडेला रंग. रंग जाड वाटला. पाणी घातलं. अजून घातलं. दोन्ही ओघळ जुळ्या भावांसारखे धावू लागले, तेव्हा कुठे मी थांबलो. अचूक!

अंगणात अर्धा गाव जमला होता. मी फुंकर मारली. निळं धुकं गलबताकडे निघालं. भिकू मेस्तांचा हात छातीवर गेला. आणि मग...

मग ते धुकं लाकडावर टेकलं आणि ओघळू लागलं! वरून खाली निळे ओहोळ, खाली निळं डबकं.

"मास्तरा," तांडेलआबा हळूच म्हणाले, "माझा गलबत रडता मा रे!"

"मेल्या, पूस आधी!" मेस्त ओरडले. "माझ्या कामाची धूळधाण केलंस!"

फडक्याने पुसलं. दुसरी ट्यूब पिळली, पुन्हा दुधाशी ताडून पाहिलं, पुन्हा तेच रडगाणं! कोणी म्हणालं हवा दमट आहे, कोणी म्हणालं देवाला कौल लावा. मी म्हणालो, विज्ञान चुकत नाही. गलबत मात्र रडतच होतं. आता एकच ट्यूब उरली, आणि शनिवार उजाडायला एक रात्र.

तांडेलआबांनी माझा चेहरा पाहून मला घरी नेलं आणि पेलाभर दूध पुढे केलं. "पी. उपाशी माणसाक काय सुचणा नाय."

मी प्यालो, पेला खाली ठेवला आणि पाहतच राहिलो. पेल्याच्या आत पांढरा पडदा! दूध ओघळून गेलं, तरी काच दुधाळच होती. आमच्या पेल्याची काच तर स्वच्छ राहायची!

"आबा, दूध कोण घालतं तुम्हाला?"

"सावित्री. तुमकाय तीच घालता मा?"

बस्स! माझं रक्त उसळलं. तांडेलांना दूध आणि आम्हाला पाणी? आबांचा पेला आणि घरून आमचा दुधाचा पेला उचलून मी बाजाराच्या तिठ्यावर गेलो. सावित्रीबाई तिथे दुधाची कासंडी घेऊन उभी होती. भर बाजारात मी भेसळीवर भाषण ठोकलं. अशाने देश कसा उभा राहणार? मुलांची हाडं कशी वाढणार? दोन पेले उंचावून पुरावाही दाखवला!

सावित्रीबाईने पदर खोचला. "मास्तरांनू, बोलून झाला? आता चला तुमच्या घराक. सगळेच चला!"

वरात आमच्या दारी आली. आई बाहेर आली, माझे पेले पाहिले, मागची गर्दी पाहिली.

"तिका कित्याक बोलतंस? पाणी मी घालतंय!"

"आई! तू?"

"मगे काय करू? तुझा गलबत बघूक सकाळपासून गाव येता, आणि तू सगळ्यांक सांगतंस, 'बसा, चाय घेवा!' शेरभर दूध पुरवतलंय कसा? तू कालवलेल्या रंगापेक्षा माझो चाय तरी बरो!"

सगळी वरात अशी हसली की माडावरचे कावळे उडाले. मी सावित्रीबाईपुढे हात जोडले. तिने कासंडीतून पेलाभर दूध ओतलं आणि माझ्या हातात दिलं. "घेवा. माझ्या तोंडाकडे काय बघतास? कडेक लावून बघा!"

त्या दुधाशी रंग जुळवला आणि फुंकलं.

काय सांगू! धुकं उतरलं आणि तिथेच राहिलं. दुसरा थर, तिसरा थर. लाकूड नाहीसं झालं आणि त्या जागी खोल, ओली वाटणारी निळाई आली. असं वाटलं, आता हे हलेल, कलेल, निघेल. माझ्या हातून असं काही झालं, यावर माझाच विश्वास बसेना. आणि तेवढ्यात ट्यूब संपली. एका बाजूतच!

शनिवारी गलबत भिंतीला पाठ लावून उभं केलं. तांडेलआबा कितीतरी वेळ पाहत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली.

"ह्योच तो निळो," ते म्हणाले. मग मान वाकडी करून भिंतीकडे डोकावले. तिकडची बाजू तर कोऱ्या लाकडाचीच होती! पण आबा हसले. "रवांदे. दर्यात गलबत जाता तेव्हा किनाऱ्यावरच्याक एकच बाजू दिसता."

माझे डोळे भरून आले. अब्रू वाचली म्हणून मी छाती फुगवली, आणि रंग पातळ करण्याच्या शास्त्रावर चार शब्द बोलायला घसाही खाकरला.

तेवढ्यात गर्दीच्या मागून सावित्रीबाईचा आवाज आला:

"आधीच सांगान ठेवतंय हां मास्तरांनू, त्या दुसऱ्या बाजूक मी पाणी घालूक नाय!"