काकूच्या चुलीवरची पाटी

चीनमधल्या आमच्या गावात एके काळी घरोघरी जुने कॉम्प्युटर फोडायचे. युएचिनच्या अंगणात कोळशाच्या शेगड्या होत्या. त्यांवर कॉम्प्युटरमधल्या हिरव्या सर्किटच्या पाट्या तापवून चिपा उपटायच्या. मालकीण युएचिन, शेगडीपाशी कामाला बसायची तिची धाकटी जाऊ रुइफांग. पुढे सरकारने अंगणातल्या शेगड्या बंद केल्या. तोवर धुराने रुइफांगची छाती निकामी झाली होती. चार पावलं चालली की तिला दम लागे.

युएचिनची लेक छिंगयी लहानपणापासून शांतोउ शहरात मावशीकडे वाढली. तिथेच शिकली आणि नव्या तऱ्हेच्या पाट्या बनवायच्या कामाला लागली. वसंताच्या सणाला, म्हणजे चिनी नववर्षाला, ती त्यातली एक पाटी घेऊन घरी आली.

"जवसाच्या धाग्याची आहे, आई. उकळत्या पाण्यात टाकली की सुटते. जाळायला नको, धूर नको. चल, काकूला दाखवू!"

"तिला कशाला? दमलेली असते ती," युएचिन म्हणाली. पण लेक केव्हाच चपला घालून निघाली होती.

रुइफांगने चहाचे इवलेसे पेले मांडले. छिंगयीने चुलीवर पातेल्यात पाणी उकळून त्यात पाटी सोडली. थोड्या वेळाने पाटीचे पदर सोयाच्या दुधावरच्या सायीसारखे सुटे झाले आणि चिपा अलगद तळाशी बसल्या.

"काकू, बघ ना! आता कुणाला शेगडीपाशी बसायला नको."

रुइफांगने पळीने एक चिप वर काढून पाहिली. मग म्हणाली, "हुशार आहेस गं. धुरात वाढली असतीस तर एवढी झाली नसतीस. तुझ्या आईने तुला वेळेवर लांब ठेवलं."

"शाळा चांगली होती तिकडे," युएचिन घाईने म्हणाली.

"शाळा! जाऊबाई, इथे आपण तिघीच आहोत. शेगड्या पेटल्या त्याच आठवड्यात पोरीला पाठवलंत. धूर वाईट हे तुम्हाला ठाऊक होतं. मला मात्र म्हणालात, 'तोंडाला फडकं बांध, काही होत नाही.'"

"मग तू का बसलीस?"

"दुसरं काम कोण देत होतं?"

छिंगयीने चूल विझवली. घरी येताना तिने एवढंच विचारलं, "खरं का, आई?"

"खरं," युएचिन म्हणाली. लेकीकडे बघायचं धैर्य तिला झालं नाही.

छिंगयी सण संपायच्या आतच परत गेली. तिचा फोन येतो, पण आधी ती काकूचीच चौकशी करते.

युएचिन आता रोज सकाळी जावेकडे जाऊन पेज शिजवते, खारवलेला मुळा चिरते, तिची पाठ चोळते. पहिल्या दिवशी रुइफांगने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं आणि म्हणाली, "याने काही फिटत नाही हं, जाऊबाई."

"माहीत आहे," युएचिन म्हणाली आणि तांदूळ धुवायला बसली.