नऊची घंटा

लॉज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी. स्टँडसमोरच्या कळकट खोल्या येतात. हा लॉज तसला नव्हता. आम्ही अमेरिकेत राहायचो, मॉरिसव्हिलला, आणि तिथून अर्ध्या तासावर तंबाखूच्या कारखान्यांचं एक जुनं शहर होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या कारखान्यांत राबणाऱ्या काळ्या कामगारांनी एक संघटना काढली होती. कुणी आजारी पडलं तर मदत, कुणी गेलं तर अंत्यविधीची सोय, आणि शनिवारी संध्याकाळी करमणूक. शहरातल्या थिएटरांत त्यांना मागच्या जिन्याने माडीवर बसवत, म्हणून त्यांनी विटा वाहून स्वतःचं सभागृह बांधलं. नाच, बँड, जादूचे प्रयोग, मूकपट, सगळं तिथे झालं. त्या इमारतीला ते लॉज म्हणत.

दोन हजार चार साल असेल. आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या नाटकासाठी ते सभागृह घेतलं. कारण अगदी सांस्कृतिक होतं. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये खायला नेता येत नसे, आणि बटाटेवड्याशिवाय आमचं मंडळ नाटक बघत नसे.

लॉजची किल्ली एका उंच, सडसडीत म्हाताऱ्या गृहस्थांकडे होती. संघटनेत आता मोजकेच लोक उरले होते आणि त्यांतले हेच काय ते रोज येणारे. आम्ही त्यांना लॉजकाका म्हणायचो. त्यांची अट एकच होती. सभागृहात माणसं असली की रात्री नऊला घंटा वाजणार, आणि तेव्हा जे काही चाललं असेल ते थांबवून सगळ्यांनी मिनिटभर उभं राहायचं. जे आज आपल्यात नाहीत त्यांच्यासाठी.

"नाटक चालू असलं तरी?" मी विचारलं.

"नाच चालू असतानाही वाजली आहे," ते म्हणाले. "माझ्या आजोबांच्या वेळेपासून एकदाही चुकलेली नाही."

माझं डोकंच फिरलं. नाटक मी लिहिलेलं, मीच बसवलेलं, आणि या देशात आल्यापासूनचं पहिलं. नाटक म्हणजे काय गॅसवरची आमटी आहे, मध्येच बंद केली, मग परत उकळली? त्यातून तो फार्स. मुलीचे वडील आणि मुलाचे वडील, दोघे व्याही लग्नाच्या विरोधात. दोन अंक एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी दोघेही चोरून मुलांच्या घरात शिरतात आणि एकाच कपाटात लपतात. कपाट उघडतं तेव्हा दोघे एकमेकांना चिकटून, एकाच डब्यातल्या चकल्या खात उभे. मग मुलीचे वडील तोंडातली चकली गिळून म्हणतात, "आधी तुम्ही बाहेर पडा. मान मुलाकडच्यांचा!" झालं, लग्न ठरलं. त्या एका हशासाठी मी तीन महिने लोकांच्या गराजमध्ये तालमी घेतल्या होत्या.

मुलाचे वडील झालेला नागपूरचा पीएचडी करणारा मुलगा मला समजवायचा, "ताई, एक मिनिटाचा तर ब्रेक आहे यार. कायको टेन्शन?"

"तू केसांना पावडर लाव," मी म्हणायचे.

मी हिशोब केला. सहाला सुरू केलं तर सव्वाआठला सगळे घरी. प्रयोगाच्या दिवशी सहाला सभागृहात मी, कपाट आणि लॉजकाका. साडेसहाला वडे आले, म्हणजे माणसंही आली. मग "दोनच शब्द बोलतो" असं म्हणून आमच्या अध्यक्षांनी माइक धरला तो धरलाच. मी विंगेत उभी राहून मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला.

घंटेची दोरी विंगेतच होती, माझ्या शेजारी. लॉजकाका आधी तिथे स्टुलावर बसले होते. दुसऱ्या अंकात म्हणाले, "इथून त्या दोघा बापांचे चेहरे दिसत नाहीत," आणि खाली जाऊन पहिल्या रांगेत बसले. मराठीचा शब्द कळत नसताना ते अख्ख्या सभागृहात सगळ्यात मोठ्याने हसत होते. डोळे पुसत होते, शेजारच्या काकूंच्या खुर्चीवर थापा मारत होते.

दोघे व्याही कपाटात शिरले आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजत होते. लॉजकाकांच्या गावीही नव्हतं.

मी चार मिनिटं गप्प बसले असते तर माझा हशा माझा होता. कुणाला कळलंही नसतं. पण घरी गेल्यावर त्यांना आठवणार होतं. आजोबांपासून न चुकलेली गोष्ट माझ्या पुठ्ठ्याच्या कपाटापायी चुकली, हे त्या माणसाला झोपू देणार नव्हतं. मी स्वतःलाच एक सणसणीत शिवी घातली आणि दोरी ओढली.

हसता हसता ते दचकले. मग ताडकन उठून ताठ उभे राहिले. त्यांच्यामागे आमची माणसं उठली, वड्याच्या प्लेटा हातात धरून. कपाटातून चकलीचा कुर्रकन आवाज आला आणि बंद झाला. मग खरोखरच सगळं शांत झालं.

माझे बाबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. माझी व्हिसाची कागदपत्रं अडकली होती, भारतात गेले असते तर परत येता आलं नसतं, म्हणून गेले नाही. त्या दिवशी मी घरात फ्रिज घासत बसले होते. त्यांच्यासाठी चार माणसांत उभी राहिले ती या मिनिटात, पहिल्यांदा.

पुढे कपाट उघडलं. मुलीच्या वडिलांनी वाक्य बरोब्बर टाकलं. लोक ओल्या डोळ्यांनी नुसते गालात हसले. हशा काही आला नाही. पडदा पडला, टाळ्या झाल्या, आणि मी धुसफुसत सामान आवरायला लागले.

लॉजकाका स्टेजवर आले. "ती दोरी फक्त सभासदाने ओढायची असते," ते कडक आवाजात म्हणाले.

मी तोंड उघडणार तोच ते स्टेजच्या कडेला टेकले. "तो कपाटातला माणूस शेवटी काय म्हणाला?"

मी सांगितलं. वर मानपानही समजावला. "आमच्याकडे मिरवणुकीत पुढे कोण चालणार यावरून दोन भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत," ते म्हणाले आणि पुन्हा खो खो हसले. मग त्यांनी विचारलं,

"तुम्ही कुणासाठी उभ्या राहिलात?"

"वडिलांसाठी. तुम्ही?"

"बायकोसाठी. सहा वर्षं इथे प्रत्येक घंटेला तिच्यासाठी उभा राहतो. पण तिची आठवण आली तेव्हा मी हसत होतो, असं आज पहिल्यांदा झालं."

त्या न आलेल्या हशाचं वाईट मला त्यानंतर कधी वाटलं नाही.